नात्सुमे सोसेकी : इंग्रजीचा अध्यापक आणि विद्यार्थ्यांची साक्ष

टोकियोच्या शाही विद्यापीठात नात्सुमे सोसेकी यांनी इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन केले ते १९०३ च्या एप्रिलपासून १९०७ च्या वसंतापर्यंत, म्हणजे जेमतेम चार वर्षे. आधुनिक जपानी कादंबरीच्या इतिहासात त्यांना जे स्थान प्राप्त झाले, त्याच्या तुलनेत ही चार वर्षे सर्वसाधारण वाचकाला गौण वाटतात. 'कोकोरो'च्या लेखकाने कधी काळी वर्गात हजेरी घेतली होती, एवढीच त्यांची नोंद घेऊन पुढे जाण्याचा प्रघात आहे. परंतु वाङ्मयाच्या अध्यापनाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांच्या दृष्टीने सोसेकींच्या आयुष्याचा हाच कालखंड अधिक विचारार्ह ठरावा. एकाच अध्यापकाविषयी, एकाच विद्यापीठातील आणि बऱ्याच अंशी एकाच पिढीतील विद्यार्थ्यांनी इतकी परस्परविरोधी साक्ष द्यावी, असे फारसे आढळत नाही.

ही साक्ष तपासताना एक सावधगिरी आवश्यक आहे. सोसेकींविषयीच्या बहुतेक आठवणी ते कीर्तिमान झाल्यानंतर, किंबहुना त्यांच्या मृत्यूनंतर लिहिल्या गेल्या. कीर्तीचा प्रकाश मागे वळून पडतो आणि वर्गातील कंटाळवाणा तासही मग अर्थपूर्ण वाटू लागतो. उलट पुढे चॉसरचा अनुवादक म्हणून नाव मिळवणाऱ्या कानेको केन्जी या विद्यार्थ्याने त्या काळात ठेवलेल्या दैनंदिन नोंदी ताज्या नाराजीच्या आहेत. त्यांत सोसेकी हा कोणी थोर लेखक नाही. नुकताच इंग्लंडहून परतलेला, आवडत्या गुरूच्या जागी आणून बसवलेला एक अपरिचित व्याख्याता आहे. या दोन प्रकारच्या पुराव्यांत एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवणे योग्य नव्हे. मात्र ते वेगवेगळ्या घडीचे आहेत, हे विसरता कामा नये.

सोसेकींचे मूळ नाव किन्नोसुके. जन्म ९ फेब्रुवारी १८६७ रोजी, म्हणजे एदो हे नाव जाऊन शहर टोकियो होण्याच्या अगदी आदल्या वर्षी झाला. वडील आपल्या भागाचे परंपरागत मुखिया होते. पण शोगुनांची सत्ता कोसळली, तशी त्या पदाची मातब्बरीही ओसरली. उतारवयात झालेले हे अपत्य आईबापांना नकोसे होते. तान्हेपणीच त्याला दुसऱ्या घरी ठेवण्यात आले, नंतर शिओबारा नावाच्या कुटुंबात दत्तक देण्यात आले, आणि तेथील घटस्फोटानंतर वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास ते मूल जन्मदात्यांच्या घरी परतले. कोणत्याच घरावर पूर्ण हक्क नसल्याची ही जाणीव त्यांच्या कादंबऱ्यांतून पुढे वारंवार डोकावते. शिक्षणातही असेच दोन घरांमधले येणेजाणे होते. अभिजात चिनी ग्रंथांची गोडी त्यांना लहानपणीच लागली. त्यासाठी त्यांनी स्वतंत्र विद्यालयात नावही घातले. परंतु नव्या जपानात पुढे जायचे तर इंग्रजीवाचून तरणोपाय नव्हता. वाङ्मय म्हणजे काय, हे त्यांना चिनी ग्रंथांनी नकळत शिकवले होते. इंग्रजी वाङ्मयही तशाच स्वरूपाचे असेल, या समजुतीने त्यांनी १८९० मध्ये शाही विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रवेश घेतला.

ही समजूत तेथे टिकली नाही. विभागाची धुरा त्या वेळी जेम्स मेन डिक्सन या स्कॉटिश अध्यापकाकडे होती. डिक्सन यांचा किन्नोसुकेवर लोभ होता. 'होजोकि' या मध्ययुगीन जपानी गद्यकृतीचा इंग्रजी अनुवाद त्यांनी १८९१ मध्ये या विद्यार्थ्याकडूनच करून घेतला. परंतु विद्यार्थ्याचे गुरूविषयीचे मत निराळे होते. पुढे १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये गाकुशुइन या संस्थेत दिलेल्या व्याख्यानात सोसेकींनी या दिवसांचे वर्णन केले आहे. वर्गात मोठ्याने वाचायला लावायचे, उच्चार चुकला की टोकायचे, निबंधात उपपद गळले की रागवायचे. परीक्षेत वर्ड्‌स्वर्थच्या जन्ममृत्यूचे सन विचारायचे, शेक्सपिअरच्या फोलिओ आवृत्त्या किती ते विचारायचे, स्कॉटच्या कृती कालानुक्रमे लिहायला सांगायच्या, असा तो क्रम होता. तीन वर्षे हे करूनही वाङ्मय म्हणजे काय हे कळले नाही, ही त्यांची तक्रार होती. सगळा दोष गुरूच्या माथी मारणे त्यांनी टाळले, हेही नमूद केले पाहिजे. तथापि इंग्रजीच्या अध्यापकाविषयी विद्यार्थ्याचे मत या विषयातला पहिला साक्षीदार स्वतः सोसेकीच आहेत, आणि त्यांची साक्ष प्रतिकूल आहे.

१८९३ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी टोकियोत उच्च अध्यापक विद्यालयात काही काळ शिकवले. १८९५ मध्ये शिकोकु बेटावरील मात्सुयामाच्या माध्यमिक शाळेत नोकरी धरली. तेथे त्यांचा पगार मुख्याध्यापकांहून अधिक होता. पुढील वर्षी ते क्यूशूमधील कुमामोतोच्या पाचव्या उच्च विद्यालयात गेले. त्याच वर्षी नाकाने क्योको यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कुमामोतोतील विद्यार्थ्यांची साक्ष बहुतांशी अनुकूल आहे. पुढे भौतिकशास्त्रज्ञ आणि ललित निबंधकार म्हणून ख्यातनाम झालेले तेरादा तोराहिको हे त्यांपैकी एक. तेरादांचा या गुरूशी संबंध जडला तो मात्र इंग्रजीपेक्षा हायकूमुळे, हे लक्षणीय आहे.

१९०० मध्ये शिक्षण मंत्रालयाने त्यांना दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवले. आज्ञापत्रात अभ्यासविषय म्हणून इंग्रजी भाषा असे लिहिले होते, वाङ्मय नव्हे. त्यांनी मंत्रालयात जाऊन या शब्दाचा खुलासाही मागितला. वर्षाला १८०० येनांच्या शिष्यवृत्तीत ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज परवडणारे नव्हते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी डब्ल्यू. पी. केर यांची व्याख्याने काही काळ ऐकली आणि सोडून दिली. त्यानंतर त्यांनी विल्यम क्रेग या शेक्सपिअरच्या आयरिश संपादकाकडे खाजगी शिकवणी धरली. 'आर्डन' मालेतील 'किंग लिअर'चे संपादन याच क्रेग यांचे. १९०९ मध्ये सोसेकींनी त्यांच्यावर एक छोटे व्यक्तिचित्र लिहिले. विसराळू, पुस्तकांच्या ढिगात हरवलेला, कविता वाचू लागला की समोर शिष्य बसला आहे याचेही भान न उरणारा आणि शेक्सपिअरच्या कोशासाठी आयुष्य वाहिलेला असा हा म्हातारा त्यांनी हसत हसत, पण अत्यंत ममतेने उभा केला आहे. डिक्सनने पद्धतशीर शिकवले आणि ते रुचले नाही. क्रेगने जवळपास काहीच पद्धतशीर शिकवले नाही आणि तो मनात राहिला. अध्यापनाच्या मूल्यमापनाची कोष्टके तयार करणाऱ्यांना ही जोडी अडचणीची वाटेल.

लंडनमधील एकाकीपणाचे आणि मानसिक क्लेशांचे वर्णन अनेकांनी केले आहे; त्याची येथे पुनरुक्ती नको. १९०१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए त्यांच्याच बिऱ्हाडी राहून गेले. शास्त्रज्ञाच्या सहवासात सोसेकींच्या मनात निर्णायक विचार घर करू लागला : वाङ्मयाचे पुस्तक वाचून वाङ्मय म्हणजे काय हे कळणार नाही, त्यासाठी मानसशास्त्र, समाजशास्त्र यांचा आधार घेऊन अगदी तळापासून सुरुवात केली पाहिजे. इंग्रज समीक्षकाने ज्या कवितेला श्रेष्ठ म्हटले ती आपल्याला तशी वाटत नसेल, तर मान डोलावण्याऐवजी हे अंतर का पडते याचे स्पष्टीकरण शोधावे, अशी ही भूमिका होती. खोलीत स्वतःला कोंडून त्यांनी बारीक अक्षरांत टिपणे काढली. त्यांची चळत जवळजवळ वीतभर उंचीची झाली. इकडे मंत्रालयात मात्र नात्सुमेला वेड लागल्याची वार्ता पोहोचली. १९०३ च्या जानेवारीत ते मायदेशी परतले.

त्याच महिन्यात विद्यापीठाने लाफ्काडिओ हर्न यांना सेवासमाप्तीची सूचना दिली होती. ग्रीक आई आणि आयरिश पिता यांचा हा पुत्र १८९० मध्ये जपानला आला, १८९६ मध्ये कोइझुमी याकुमो या नावाने जपानी नागरिक झाला आणि त्याच वर्षापासून विद्यापीठात इंग्रजी वाङ्मय शिकवू लागला. योगायोग असा की, हर्न हेही पूर्वी कुमामोतोच्या त्याच विद्यालयात अध्यापक होते. सोसेकी तेथे पोहोचले, तेव्हा ते जाऊन दोन वर्षे झाली होती. हर्न यांची पद्धत साधी होती. ते संथ लयीत, सोप्या इंग्रजीत बोलत आणि विद्यार्थी शब्दन् शब्द उतरवून घेत. व्याकरणाची चिकित्सा नाही, सिद्धान्ताचा काथ्याकूट नाही; कविता ही भावना म्हणून समोर येई. त्यांचे मासिक वेतन चारशे येनांहून अधिक होते. परदेशी अध्यापकांवरील खर्च कमी करून त्या जागी जपानी विद्वान नेमण्याच्या धोरणात ते बसेनासे झाले. विद्यार्थी खवळले, सभा भरल्या; पुढे जपानी रंगभूमीचे अध्वर्यू ठरलेले ओसानाई काओरू यांचे नाव या चळवळीत घेतले जाते. अधिष्ठाता इनोउए तेत्सुजिरो यांनी तास कमी करून हर्न यांना ठेवण्याची तडजोड सुचवली. दुखावलेल्या हर्न यांनी ती नाकारली. त्यांच्या जागी तिघे आले : आर्थर लॉइड, उएदा बिन आणि नात्सुमे किन्नोसुके. सोसेकींचा हुद्दा व्याख्यात्याचा आणि वार्षिक वेतन ८०० येन होते. त्याशिवाय पहिल्या उच्च विद्यालयातही त्यांना शिकवावे लागे. हर्न यांच्यासारख्या थोर लेखकाच्या जागी उभे राहणे आपल्याला झेपणार नाही, असे ते घरी बोलून दाखवत, हे क्योको यांच्या आठवणींवरून कळते.

म्हणजे वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वीच निकाल लागल्यासारखा होता. उंच कडक कॉलर, टोके वळवलेल्या मिशा आणि लंडनहून आणलेली ऐट यांनी तो अधिकच पक्का केला. सोसेकींनी दोन तासिका सुरू केल्या. एकीत जॉर्ज एलियटची 'सायलस मार्नर' ही कादंबरी विद्यार्थ्यांकडून वाचून घेऊन अर्थ सांगायला लावणे, उच्चार आणि अन्वय तपासणे; दुसरीत वाङ्मयाच्या स्वरूपाचे आणि घटकांचे तात्त्विक विवेचन. पहिली तासिका विद्यार्थ्यांना अपमानास्पद वाटली. शाळेत लावण्याजोगे पुस्तक विद्यापीठात हाती द्यावे आणि टेनिसनच्या काव्यात रमलेल्या तरुणांचे उच्चार सुधारावेत, हे त्यांना सहन होईना. दुसरी तासिका रुक्ष वाटली; भावनेचे शवविच्छेदन करणाऱ्या या पद्धतीत त्यांना हर्न यांचा मागमूस सापडत नव्हता. काहींनी वर्गाकडे पाठ फिरवली.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. उच्चार दुरुस्त करणारा, वाचून घेणारा, चूक काढणारा अध्यापक ही तर सोसेकींची डिक्सनविषयीची तक्रार होती. दहा वर्षांनी तीच तक्रार त्यांच्या वाट्याला आली. चरित्रकार सामान्यतः या तासिकेचा उल्लेख सोसेकींच्या भाषिक कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून करतात. ती निष्ठा होतीच. हर्न यांच्या शिष्यांना काव्य आवडत होते, पण वाक्य लावता येत नव्हते, असे त्यांचे मत झाले असणे शक्य आहे. परंतु ज्या पद्धतीने आपल्याला तीन वर्षे काही दिले नाही, ती आपण पुढे चालवत आहोत, ही विसंगती त्यामुळे नाहीशी होत नाही. विद्यार्थ्यांची नाराजी केवळ हर्नभक्तीतून आलेली होती, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

त्याच मे महिन्यात एक भयंकर घटना घडली. पहिल्या उच्च विद्यालयातील फुजिमुरा मिसाओ या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने २२ मे १९०३ रोजी निक्को येथील केगोन धबधब्यात उडी घेतली. तत्पूर्वी त्याने विश्वाचे कोडे उलगडत नसल्याची कैफियत झाडाच्या खोडावर लिहून ठेवली होती. हा सोसेकींच्या वर्गातला मुलगा. पाठ तयार करून आला नाही म्हणून त्यांनी त्याला काही दिवसांपूर्वीच फटकारले होते, अभ्यास करायचा नसेल तर वर्गात येऊ नकोस असे बजावले होते. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध नव्हता, हे उघड आहे; फुजिमुराच्या व्यथेचे मूळ अन्यत्र होते. परंतु सोसेकींच्या मनातून हा मुलगा गेला नाही. त्यांच्या लेखनात त्याचा उल्लेख येतो. त्या उन्हाळ्यात त्यांचा मानसिक तोल इतका ढळला की, क्योको मुलींना घेऊन दोन महिने माहेरी राहिल्या. वर्गात दिसणारा कोरडा, तुटक, चिडखोर अध्यापक घरात काय भोगत होता, याची विद्यार्थ्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

शरदात सत्र सुरू झाले आणि चित्र पालटले. सोसेकींनी 'मॅक्बेथ' शिकवायला घेतले, तेव्हा अन्य विभागांतील विद्यार्थीही येऊ लागले आणि मोठे दालनही अपुरे पडू लागले. पाठोपाठ 'किंग लिअर', 'हॅम्लेट', 'ऑथेल्लो' आदी नाटके झाली. वाचन आणि अर्थनिर्णयन हीच पद्धत येथेही होती. म्हणजे 'सायलस मार्नर'च्या वेळी जी गोष्ट अपमान वाटली, तीच शेक्सपिअरच्या संदर्भात पर्वणी ठरली. मध्यंतरी अध्यापक बदलला, की विद्यार्थी, की केवळ पुस्तक? तिन्हींचा थोडाथोडा वाटा असावा. सोसेकी पाश्चात्त्य टीकाकारांचा हवाला देत, पण अखेरचा कौल स्वतःचा देत. एखादा प्रसंग आपल्याला पटला नाही तर तसे स्पष्ट सांगत. शेक्सपिअरविषयी एका जपानी माणसाने असे बोलावे, हे त्या तरुणांना नवीन होते.

सप्टेंबर १९०३ पासून जून १९०५ पर्यंत चाललेली सिद्धान्तविषयक व्याख्यानमाला पुढे 'बुंगाकुरोन' म्हणून ग्रंथरूप झाली. वाङ्मयाचा आशय म्हणजे जाणिवेच्या केंद्रस्थानी असलेला ठसा किंवा कल्पना आणि तिला लगडलेली भावना यांची बेरीज, असे बीजगणिती सूत्र तिच्या आरंभीच येते. नुसती कल्पना असेल, उदाहरणार्थ भूमितीतील त्रिकोण, तर वाङ्मय नाही. फूल किंवा तारा यांत दोन्ही घटक येतात. आणि निव्वळ भावना, जसे कारण नसताना वाटणारे भय, हा तिसरा प्रकार. रससिद्धान्ताच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला या तिसऱ्या प्रकारापाशी थांबावेसे वाटेल. ज्याला आलंबन विभाव नाही अशा भयाचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडील टीकाकारांनाही अपरिचित नाही. विल्यम जेम्स, रिबो, लॉइड मॉर्गन यांच्या मानसशास्त्राचा आधार घेऊन, इंग्रजी काव्यातील शेकडो उदाहरणे देत सोसेकी हा विचार दोन वर्षे मांडत राहिले. विद्यार्थ्यांची मते येथेही विभागलेली होती. काहींना हे गणित वाङ्मयाच्या मुळावर आलेले वाटले. नाकागावा योशितारो यांच्यासारख्यांना मात्र त्याचे मोल इतके वाटले की, व्याख्यानांची मुद्रणप्रत तयार करण्याचे किचकट काम त्यांनी अंगावर घेतले. तिचा उत्तरार्ध सोसेकींनी बव्हंशी पुन्हा लिहून काढला आणि १९०७ मध्ये ग्रंथ निघाला. सोसेकींचे स्वतःचे मत या दोन्ही पक्षांहून कठोर होते. दहा वर्षांच्या अभ्यासानंतर लिहायचे ते वेळापत्रकाच्या रेट्याने अकाली जन्माला घालावे लागले, अशी त्यांची खंत होती. १९१४ च्या त्या व्याख्यानात तर त्यांनी या ग्रंथाची गणना मृत, विकलांग अपत्यात केली.

याच काळातील एक प्रसंग आठवणींतून वेगवेगळ्या रूपांत सांगितला जातो. व्याख्यान चालू असताना एक विद्यार्थी किमोनोच्या बाहीत हात दडवून बसला होता. सोसेकींनी त्याला हात बाहेर काढून नीट बसण्यास सांगितले. शेजाऱ्याने सांगितले की, त्याला तो हातच नाही. सोसेकींचा चेहरा लाल झाला; मग ते म्हणाले की, आपणही नसलेली विद्वत्ता रोज बाहेर काढतो, तेव्हा त्यानेही नसलेला हात काढायला हरकत नाही. काहींनी हा प्रसंग विनोदबुद्धीचा नमुना म्हणून सांगितला, काहींनी हृदयशून्यतेचा. तो तंतोतंत असाच घडला असेल असे नाही. तरीही एकच गोष्ट दोन्ही पक्षांना पुरावा म्हणून उपयोगी पडावी, यातच या साक्षीचे स्वरूप दिसते. वाक्याचा पहिला भाग, स्वतःच्या विद्वत्तेविषयीचा, दोन्ही पक्षांनी दुर्लक्षिला.

जानेवारी १९०५ मध्ये 'होतोतोगिसु' मासिकात 'मी मांजर आहे' या लेखनाचा पहिला भाग आला आणि इंग्रजीचा व्याख्याता एकाएकी लोकप्रिय लेखक झाला. त्यातील कुशामी मास्तर हा इंग्रजीचा शिक्षक अपचनाने त्रासलेला, पुस्तक उघडून त्यावर झोपणारा आहे. त्याच्या घरी येणाऱ्या कांगेत्सुमध्ये तेरादांची छाया आहे. विद्यार्थ्यांचे आपल्याविषयी जे वाईटात वाईट मत असू शकेल, ते सोसेकींनी आपणच आधी मांडून टाकले. वर्गाकडे पाहण्याची दृष्टी त्यामुळे बदलली असली पाहिजे. घरी येणाऱ्यांची रीघ इतकी वाढली की, सुझुकी मिएकिची यांच्या सूचनेवरून १९०६ च्या ऑक्टोबरपासून गुरुवारची दुपार भेटीसाठी नेमण्यात आली. कोमिया तोयोताका, मोरिता सोहेई, नोगामी तोयोइचिरो ही मंडळी तेथली. कोमिया तर जर्मन विभागाचे विद्यार्थी. या बैठकीत कोणी मत मांडावे, गुरूचे लेखन तोंडावर खोडून काढावे, तक्रार सांगावी. व्यासपीठावरचा तुटकपणा तेथे नव्हता. वर्गातले सोसेकी आणि गुरुवारचे सोसेकी यांपैकी कोणते खरे, हा वाद निरर्थक आहे. मात्र आज आपल्यापर्यंत पोहोचलेली गौरवपर साक्ष बव्हंशी गुरुवारच्या मंडळींची आहे, आणि ज्यांनी फक्त वर्ग पाहिला त्यांचा आवाज क्षीण आहे.

१९०५ पासून त्यांनी अठराव्या शतकातील इंग्रजी वाङ्मयावर व्याख्याने दिली. अ‍ॅडिसन, स्टील, स्विफ्ट, पोप, डीफो यांच्यावरील हे विवेचन १९०९ मध्ये 'बुंगाकु ह्योरोन' या नावाने प्रसिद्ध झाले. सूत्रांचा सोस येथे ओसरला आहे आणि स्विफ्टवरील भाग तर आजही वाचावा इतका सजीव आहे. परकीय वाङ्मयाविषयी परक्याने स्वतःच्या रुचीने निर्णय देणे कितपत न्याय्य, या प्रश्नाला त्यांनी प्रारंभीच हात घातला. हा प्रश्न केवळ जपानचा नव्हता, हे इंग्रजीच्या पाठ्यक्रमांत वाढलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

१९०७ मध्ये विद्यापीठ त्यांना प्राध्यापकपद देण्याच्या विचारात असतानाच 'असाही शिंबुन' या दैनिकाचे निमंत्रण आले : महिन्याला दोनशे येन आणि काम कादंबरी लिहिण्याचे. त्यांनी विद्यापीठ सोडले. वृत्तपत्रातील पहिल्याच निवेदनात त्यांनी खेळकरपणे असे सुचवले की, व्याख्याने वाईट झाली असतील तर त्याचा अर्धा दोष विद्यापीठाच्या आवारात भुंकणाऱ्या कुत्र्यांकडे जातो. प्राध्यापकपद सोडून वृत्तपत्रात जाणे हे त्या काळी अधःपतन समजले जाई. १९११ मध्ये शासनाने डॉक्टरेट देऊ केली, तीही त्यांनी नाकारली.

हर्न १९०४ मध्येच वारले होते. त्यांच्या शिष्यांच्या वह्यांतील व्याख्याने १९१५ पासून जॉन अर्स्किन यांच्या संपादनाखाली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध होऊ लागली आणि त्या शब्दन् शब्द टिपणाऱ्या विद्यार्थ्यांचे श्रम सार्थकी लागले. जठरव्रणाने जर्जर झालेले सोसेकी ९ डिसेंबर १९१६ रोजी, 'मेइआन' ही कादंबरी अपुरी ठेवून निधन पावले. त्यांच्या अखेरच्या वर्षातील गुरुवारच्या बैठकीत अकुतागावा र्यूनोसुके आणि कुमे मासाओ हे दोन तरुण सामील झाले होते. दोघेही त्याच विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे विद्यार्थी. अओयामा येथे अंत्यविधी झाला, तेव्हा येणाऱ्यांची नोंद घेण्यासाठी दारापाशी बसलेल्यांत अकुतागावा होते. सोसेकींच्या वर्गात मात्र ते कधीही बसले नव्हते.